पॅनलचं दार आधी उघडा

कुपवाडला माझं फर्निचरचं छोटं दुकान आहे. देव्हाऱ्याच्या जाळ्या बाहेरून कापून आणायचो, त्यात आठ-आठ दिवस जायचे. शेवटी ठरवलं, सीएनसी राउटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कापायचं मशीन, घरीच करायचं. बेड १२०० बाय ९०० मिलीमीटर, चौरस पाइपची फ्रेम, २० मिलीच्या रेल, मशीन पुढं-मागं सरकवणारे १६०५ चे बॉलस्क्रू. एवढं सगळं मी स्वतः जुळवलं, काटकोन तर चार-चारदा तपासला. वायरिंगचं मात्र आपल्याला काडीचं ज्ञान नाही, म्हणून पॅनल (वायरिंगची पेटी) आणि स्पिंडल (लाकूड कापणारं बिट फिरवणारी मोटर) बाहेर दिलं. तिथंच फसलो.

माणूस ओळखीतून आलेला. बोलायला गोड, उठता-बसता ‘दादा’. कोटेशन व्हॉट्सअॅपवर: २.२ किलोवॅटचा पाण्यानं थंड होणारा स्पिंडल, मशीन सरकवणाऱ्या मोटरी चालवणारे डीएम५४२ चे ड्रायव्हर, ४८ व्होल्टची सप्लाय, सगळं मिळून ८५ हजार. ६० आगाऊ. पैसे यूपीआयनं गेले ते भलत्याच नावावर. विचारलं तर म्हणाला, “मेव्हण्याचं खातं आहे दादा, बिल जीएसटीचं मिळंल.” ते बिल आजतागायत आलेलं नाही.

पॅनल आलं तेव्हा आम्ही सगळे खूश. राखाडी पावडर कोटिंग, हिरवे दिवे, मधोमध लालभडक मशरूम बटण. शेजारच्या वर्कशॉपमधली पोरं बघायला आली. मी दार उघडायला गेलो तर म्हणाला, “उघडू नका, वॉरंटी जाईल.” आणि मी ऐकलं. उरलेले २५ हजार पण त्याच संध्याकाळी दिले. दुसऱ्याचा पैसा ठेवून घ्यायचा आपला स्वभाव नाही, त्याचं हे बक्षीस.

पहिली शंका आली ती कोलेटमुळं, म्हणजे बिट धरणाऱ्या चिमट्यामुळं. २.२ च्या स्पिंडलला सहसा ईआर-२० मापाचं कोलेट असतं, म्हणून मी १२ मिलीचं बिट आणि ईआर-२० चे कोलेट आधीच आणून ठेवले होते. बसेचनात. नटाच्या कडेला बारीक अक्षरात ईआर-१६ कोरलेलं, त्यात १० मिलीच्या वर बिट जात नाही. फोन केला. “कंपनीनं मॉडेल बदललंय दादा.” बरं म्हटलं.

मग मापं चुकायला लागली. हळू चालवलं की १०० मिली बरोबर १००, जरा वेग वाढवला की कधी ९७, कधी ९५. स्क्रूच्या एका फेऱ्याला मशीन पाच मिली सरकतं (तो पिच), त्या फेऱ्याला मोटरला १६०० पल्स, एका पल्सला एक स्टेप, म्हणजे मिलीला ३२० स्टेप. हा हिशोब मी कागदावर तीनदा केला. हिशोब बरोबर, मशीन चूक. वर उघड्या पायानं पॅनलला हात लागला की झिणझिण्या.

आणि एक दिवस सागवानात बिट अडकलं. मी लाल बटण दाबलं. गॅन्ट्री (स्पिंडल धरणारी सरकती कमान) थांबली, स्पिंडल फिरतच राहिला! लाकूड जळल्याचा वास, धूर. मेन स्विचपर्यंत मी कसा पोचलो ते आठवत नाही.

त्या रात्री दार उघडलं. ड्रायव्हरवर डीएम५४२ चा स्टिकर, कोपरा जरा उचललेला. नखानं ओढला तर खाली टीबी६६००, म्हणजे त्याहून हलका ड्रायव्हर. सप्लाय २४ व्होल्टची. व्होल्टेज कमी पडलं की वेगात मोटरचा जोर ढासळतो आणि स्टेप सुटतात, एवढं साधं दुखणं होतं. स्पिंडलवरच्या २.२ च्या स्टिकरखाली १.५ निघालं. अर्थिंगची हिरवी वायर दारापर्यंत आलेली, पण तिच्या टोकाचा लग (स्क्रूनं कसायची कडी) कुठंच कसलेला नाही, नुसती लोंबकळत. लाल बटणातून दोन बारीक वायरी थेट कंट्रोलरला गेलेल्या, त्याही एनओ कॉन्टॅक्टवर, म्हणजे एरवी उघडा आणि बटण दाबल्यावरच जुळणारा. म्हणजे वायर तुटली तर बटण मेलं तरी कळणार नाही. खरं तर ते एनसीवर, म्हणजे एरवी जुळलेल्या आणि दाबल्यावर तुटणाऱ्या कॉन्टॅक्टवर असायला हवं आणि दाबलं की ड्राइव्ह, स्पिंडल सगळंच थांबायला हवं.

त्याचा फोन आता लागत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. धंद्यासाठी वस्तू घेणाऱ्याला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक म्हणून धरत नाहीत, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी घेऊन स्वतःच वापरत असाल तर धरतात. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, तक्रारीची मुदत दोन वर्षांची. सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी चालू आहे. बिल नाही म्हणून यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअॅपचं कोटेशन आणि स्टिकर ओढतानाचे फोटो एवढंच हातात. स्टिकर ओढण्याआधी व्हिडिओ काढायला हवा होता, ते नंतर सुचलं.

पॅनल आता माझा भाचा नव्यानं करतोय, तो आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. प्रत्येक वायरला फेरुल (टोकाची धातूची टोपी) आणि नंबर, आणि दार सदा उघडं. जुन्या पॅनलमधलं त्यानं फक्त लाल बटण ठेवलंय. टेस्टर लावून बघितलं, तेवढं मात्र अस्सल निघालं.