पार्लरचे स्मूदनिंग की घरचा स्ट्रेटनर?

कुरळे केस सरळ तर हवेत, पण पार्लरचा खर्च खटकू लागला आहे, अशा टप्प्यावर मी दोन वर्षांपूर्वी होते. त्याआधी स्मूदनिंग करून घेतले होते आणि तेव्हापासून घरच्या स्ट्रेटनरवर आहे, त्यामुळे दोन्हींबद्दल थोडेफार सांगता येईल. केराटिन या पार्लरमधल्या दुसऱ्या उपचाराच्या वाटेला मात्र गेले नाही, कारण त्यातल्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड हा घातक वायू सुटतो.

स्मूदनिंगचे पहिले तीन महिने सुखाचे असतात, हे मान्य करायला हवे. त्यातले रसायन केसांमधले गंधकाचे बंध तोडून नव्याने जुळवते, म्हणून तो सरळपणा पाण्याने जात नाही. डोंबिवलीच्या जुलैत छत्री विसरून स्टेशन गाठले तरी केस जसेच्या तसे राहत. स्ट्रेटनरच्या उष्णतेने तुटतात ते फक्त हायड्रोजनचे बंध, आणि हवेतल्या ओलाव्यानेही ते पुन्हा पूर्ववत जुळतात. त्यामुळे पावसाळ्यात सकाळी सरळ केलेले केस लोकलमधून उतरेपर्यंत कानशिलांजवळ वळू लागतात.

तरीही माझा कौल फिरला तो मुळांमुळे. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात आणि नवा येणारा केस कुरळाच असतो. पाचव्या महिन्यात माझ्या माथ्यावर दोन-तीन बोटे फुगलेले केस आणि त्याखाली पट्टीने आखल्यासारखे सरळ, असा प्रकार झाला. भांग कुठेही पाडला तरी ती सीमारेषा दिसे आणि वेणीतही ती लपत नसे. माघार घ्यावी तर सरळ झालेला भाग पुन्हा कुरळा होत नाही, तो कापावाच लागतो. म्हणजे सुरुवातीचे 6,000 रुपये एकदाचे नव्हतेच. मुळांकडचे नवे केस सरळ करून घ्यायच्या दर टचअपला 3,500 ठरलेले.

स्ट्रेटनर मला 1,900 रुपयांना पडला आणि अजून चालतो. वर्षाला हीट प्रोटेक्टंटच्या, म्हणजे उष्णतेपासून केस जपणाऱ्या द्रावणाच्या, दोन बाटल्या लागतात, तेवढा खर्च धरावा. तापमान अंशांत दाखवणारा घेतलेला बरा. माझ्या केसांना 180 पुरतात. केस पूर्ण वाळलेले हवेत, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतूनच फुटतो. डोक्याच्या मागच्या बटा करताना हात भरून येतात, आणि मान मी दोनदा भाजून घेतली आहे. टोके दुभंगतात, पण ती छाटता येतात.

आठवड्यातून दोनदा 40 मिनिटे ज्यांना काढता येत नाहीत, त्यांना कदाचित पार्लरच सोयीचे वाटेल. माझ्या धाकट्या बहिणीची ड्यूटी पहाटेची असल्यामुळे तिने स्मूदनिंगच निवडले. सध्या तिचा पाचवा महिना चालू आहे, आणि दर रविवारी ती माझा स्ट्रेटनर मागून नेते.