जाळीचं रिफ्लेक्टिव्ह जॅकेट: मे महिन्यात चांगलं, गोव्याच्या पावसात अपुरं

राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पर्वरी असो की काणकोण, काम चालू असलं की मजुरांच्या अंगावर हेच जॅकेट दिसतं. पोपटी नाहीतर केशरी जाळी, त्यावर दोन इंची चंदेरी पट्ट्या. हार्डवेअरच्या दुकानात शंभर-सव्वाशेला मिळतं. हलकं आहे, घाम कोंडत नाही, त्यामुळे डांबराच्या धगीतही माणूस ते काढून ठेवत नाही. हा गुण मोठा आहे.

अडचण जूनपासून. पाऊस आला की जॅकेटवर निळा किंवा काळा रेनकोट चढतो आणि पट्ट्या आत जातात, तेही समोरच्या ड्रायव्हरला आधीच कमी दिसत असताना. ताशी ६० किमी वेगाची गाडी अडीच सेकंदांत ४१-४२ मीटर पुढे येते, आणि ब्रेकवर पाय पडायला एवढा वेळ धरावाच लागतो. म्हणून पावसाळ्यासाठी पट्ट्या शिवलेला रेनकोट घ्यावा. नाहीतर निदान दोन साइझ मोठं जॅकेट रेनकोटवरून घालावं.

दुसरी उणीव म्हणजे पट्ट्या फक्त धडावर आहेत. रात्री वाकून काम करणारा माणूस लांबून दोन चमकत्या रेघा दिसतो आणि शेजारच्या ट्रॅफिक कोनवरही तशाच रेघा असतात. घोट्यांना, मनगटांना पट्टे बांधले तर ते हलतात आणि तिथे माणूस आहे हे चटकन कळतं. हे पट्टे वेगळे घ्यावे लागतात, घ्याच. आयएसओ २०४७१ या लांबून उठून दिसणाऱ्या कपड्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या क्लास ३ या सर्वांत वरच्या वर्गालाही पट्ट्या लावलेल्या बाह्या किंवा पूर्ण पाय लागतात, ते याच कारणाने.

घेताना मोबाईलचा फ्लॅश डोळ्याच्या अगदी शेजारी धरून दहा पावलांवरून पट्टीवर मारा. पट्टी पांढरीशुभ्र उजळली पाहिजे. फ्लॅश डोळ्यापासून लांब धरलात तर चांगली पट्टीही मंद दिसेल, कारण तिच्यातले काचेचे बारीक मणी उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतात. बाजू वेल्क्रोच्या असाव्यात, म्हणजे यंत्रात अडकलं तर जॅकेट सुटून येतं.

रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या डंपरपुढे मात्र कुठलंच जॅकेट उपयोगाचं नाही. ड्रायव्हरला मागचा माणूस दिसतच नाही. तिथे इशारा देणारा वेगळा माणूसच हवा.

तांबडा चिखल पट्टीवर बसला की चमक जाते. साध्या पाण्यात हाताने धुवा. ब्रश, ब्लीच, इस्त्री नको. पट्टीला भेगा पडल्या किंवा फ्लॅशखाली ती राखाडी दिसू लागली, की जॅकेट बदला, कापड कितीही धड असो.