१३बी इंजिन, "एव्हिएशन गिअरबॉक्स" आणि साडेचार लाखांचं भंगार

विमानासाठी मझदाचं रोटरी इंजिन सेकंडहँड घ्यायचा कुणाचा विचार असेल तर पैसे टाकायच्या आधी हे वाचून घ्या. आमचे साडेचार लाख गेले, इंजिन शेडमध्ये धूळ खात पडलंय आणि विकणारा मात्र मजेत धंदा करतोय.

आमचं वर्कशॉप आर्वी तालुक्यात, काम म्हणजे ट्रॅक्टर, मोटारपंप, थ्रेशर हेच. काका हवाईदलातून इंजिन फिटर म्हणून रिटायर झाले आणि त्यांना विमान बांधायचं होतं, म्हणजे मॉडेल वगैरे नाही हं, आत बसून उडायचं, दोन सीटचं, ॲल्युमिनियमचं. मुंबईत अमोल यादवांनी गच्चीवर विमान बांधलं आणि २०१९ ला त्यांना डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचं, परमिट मिळालं, तेव्हापासून तर काकांना थांबवायची कुणाची हिंमतच नव्हती. सांगाडा त्यांनी एकाकडून अर्धवट बांधलेला घेतला, त्यावर जुनं १२ए रोटरी इंजिन आणि पट्ट्याचं रिडक्शन, म्हणजे इंजिनचा स्पीड कमी करून पंख्याला देणारी जोडणी, होतं. इंजिनचे सील गेलेले, पट्ट्याची पुली झिजलेली, मग ठरलं की दोन्ही एकदमच बदलू, १३बी इंजिन आणि गिअरचं रिडक्शन.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रोटरीत पिस्टन नसतो, तिकोनी रोटर असतो आणि त्याच्या तीन टोकांना तीन सील, त्यांना एपेक्स सील म्हणतात. १३बी मध्ये असे दोन रोटर, ६५४ सीसीचा एक, मिळून १३०८. रोटर एकदा फिरतो तेव्हा शाफ्ट तीनदा फिरतो. ताकद मिळते ती सहा हजार आरपीएमच्या आसपास, आणि तेवढ्या स्पीडवर विमानाचा पंखा चालवता येत नाही, म्हणून मध्ये रिडक्शन लागतंच. इंजिन चांगलं आणि रिडक्शन भंगार असलं तरी विमान जमिनीवरच राहतं, हे लक्षात ठेवा कारण आम्हाला दोन्हीत लुटलं.

विकणारा एका मोठ्या शहरातला, जपानहून हाफकट, म्हणजे अर्ध्या कापलेल्या जुन्या गाड्या, आणतो म्हणे. नाव टाकत नाही, केस चालू आहे. त्यानं फोटो पाठवले मझदाच्या आरएक्स-८ गाडीच्या इंजिनचे, व्हिडिओ पाठवला स्टँडवर इंजिन सुरू होतानाचा, एका झटक्यात सुरू. वर कम्प्रेशनचा, म्हणजे आत हवा किती दाबली जाते त्याचा, गेज लावलेला फोटो, "कम्प्रेशन ८.५ सर, एकदम फ्रेश." गिअरबॉक्सबद्दल म्हणाला प्लॅनेटरी (मधल्या गिअरभोवती छोटे गिअर फिरतात तो) आहे, २.८५ रेशो, अमेरिकेतले होमबिल्टवाले, म्हणजे घरी विमान बांधणारे, हाच लावतात, वजन वीस किलो. यातलं अर्धं खरंच आहे आणि तिथंच माणूस अडकतो. अमेरिकेत फोर्डच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला प्लॅनेटरी सेट घेऊन असं रिडक्शन बनवलेलं आहे, २.८५ रेशो त्यातलाच. काकांना हे वाचून माहीत होतं, म्हणून त्याच्या तोंडून तेच ऐकल्यावर त्यांना वाटलं माणूस जाणकार आहे. इंजिन २ लाख ९०, गिअरबॉक्स १ लाख ६०. अर्धे ॲडव्हान्स, आणि बाकीचे दिल्याशिवाय बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा, फोटो पाठवणार नाही. म्हणजे पेटी उघडून बघायच्या आधीच सगळा पैसा त्याच्या खात्यात, हा त्याचा नियमच आहे.

माल नागपूरला वाडीच्या ट्रान्सपोर्टवर उतरला, तिथून छोटा हत्ती करून कोंढाळी, कारंजा, तळेगाव करत आर्वीला आणला. पेटी उघडली, काका टॉर्च घेऊन एक्झॉस्टच्या बाजूला वाकले आणि म्हणाले, "काहून बे, याले तं तीन भोकं पाह्यजे होते ना?"

दोनच होती. आरएक्स-८ च्या इंजिनला एक्झॉस्ट साइड हाऊसिंगमधून, म्हणजे रोटरच्या बाजूच्या प्लेटमधून, निघतो, बाहेर तीन तोंडं दिसतात. जुन्या १३बी ला एक्झॉस्ट थेट रोटर हाऊसिंगमधून, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचातून, म्हणून दोन. विकणाऱ्याला फोन केला तर हसत म्हणतो, "सर, १३बी मांगा था, १३बी भेजा." आणि खोटंही नाही ते, कारण मझदानं आरएक्स-८ च्या इंजिनलाही १३बी-एमएसपी असंच नाव दिलंय. फोटो एकाचे, माल दुसऱ्याचा, नाव दोघांचं सारखं.

जुन्या इंजिनचा एक फायदा असतो, त्या दोन भोकांतून सील दिसतात. हातानं शाफ्ट फिरवत गेलो, एकेक सील समोर आला की लाकडी काडीनं दाबून बघायचा, दाबल्यावर स्प्रिंगनं परत वर यायला पाहिजे. पुढच्या रोटरचा एक सील दाबला तो तसाच बसून राहिला, कोपऱ्याचा टवका उडालेला. हाऊसिंगच्या आतलं क्रोम कडेला पापुद्र्यासारखं सुटलेलं. नुसतं फिरवतानाही कानाला कळत होतं, एकदा फुस्स आणि पुढच्या दोनदा काहीच नाही.

आता ते ८.५ चं गौडबंगाल. पिस्टनच्या साध्या गेजमध्ये व्हॉल्व्ह असतो, तो सगळ्यात मोठं प्रेशर धरून ठेवतो. रोटरला तीन बाजू, त्यातली एक चांगली असली की गेज तिचाच आकडा दाखवणार आणि बाकी दोन मेलेल्या असल्या तरी कळणार नाही. रोटरीच्या टेस्टरमध्ये प्रत्येक रोटरचे तीन वेगळे आकडे येतात, म्हणजे सहा, आणि सोबत स्टार्टर किती आरपीएमवर फिरवत होता तेही लागतं, कारण मझदाचे आकडे २५० आरपीएमचे आहेत. आरएक्स-८ ला कमीत कमी ६८० केपीए, म्हणजे चौरस सेंटीमीटरला साधारण ६.९ किलो, आणि एकाच रोटरच्या बाजूंमध्ये १५० केपीएपेक्षा जास्त फरक चालत नाही. टेस्टर नसेल तर साध्या गेजचा व्हॉल्व्ह काढून टाका, स्टार्टर मारा आणि काट्याचा मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या, तीन उड्या सारख्या पडतात का ते दिसतं. आमच्या पुढच्या रोटरला एकच उडी पाच किलोच्या आसपास आणि बाकीच्या दोन्ही दोन किलोसुद्धा नाहीत. कुणी तुम्हाला रोटरीचं कम्प्रेशन एकाच आकड्यात सांगितलं तर तो एक तर अडाणी आहे किंवा चोर, दोन्ही केसमध्ये पैसे देऊ नका.

आणि व्हिडिओ नेहमी थंड इंजिनचा असतो. झिजलेलं रोटरी थंड असताना बऱ्याचदा बऱ्यापैकी सुरू होतं, खरी परीक्षा गरम झाल्यावर बंद करून पुन्हा स्टार्ट करण्यात. ते दाखवा म्हणा, लाइव्ह व्हिडिओ कॉलवर, टेम्परेचरचा काटा दिसेल असं. आमचंही इंजिन स्टँडला बांधून कसंबसं सुरू झालं, गरम झालं, बंद केलं ते पुन्हा लागलंच नाही. त्यावर त्याचं उत्तर ऐका, "आपके विदर्भ में ४६ डिग्री रहता है, इंजिन तो बैठेगा ही." अरे बाप्पा, पौषातली सकाळ होती, आम्ही शेकोटीपाशी बसून स्टार्टर मारत होतो!

गिअरबॉक्सची गोष्ट तर याहून भारी. कापसाच्या काट्यावर ठेवला, ६१ किलो. विमानाच्या नाकावर चाळीस किलो जास्तीचे म्हणजे सगळा बॅलन्स पुढं, शेपटीत शिसं भरायचं का मग? दोन्ही शाफ्टना खडूची खूण करून फिरवला, पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनचे दोनाच्या जरा वर फेरे. २.८५ असता तर सहा हजारावर पंखा २१०० च्या आसपास फिरला असता, या हिशोबानं २८०० च्या वर. काकांचा पंखा ७२ इंची, एवढ्या स्पीडला त्याचं टोक सेकंदाला २७० मीटरच्या पुढं जातं, नुसता आवाज करेल आणि ओढणार कमी. बरं, फिरला तोही उलटा! प्लॅनेटरीत आणि पट्ट्यात दिशा तीच राहते, एकाला एक लागून दोन साधे गिअर असले की दिशा बदलते. म्हणजे आहे तो पंखा लावला असता तर विमान मागं सरकलं असतं. झाकण काढलं तर आत तेच, कुठल्या तरी मशीनचे दोन गिअर, साधे बॉल बेअरिंग आणि शाफ्टला एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी पातळ कडी. पंखा अख्ख्या विमानाला त्या शाफ्टनं पुढं ओढतो, ती ओढ घ्यायला थ्रस्ट बेअरिंग लागतं, इथं सगळा भार त्या सर्क्लिपवर. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये झटके खाणारं डॅम्परचं कपलिंग पाहिजे, नाहीतर व्हायब्रेशननं गिअरचे दात जातात, ते नव्हतंच. इंजिनला जोडायच्या बेलहाऊसिंगची भोकं जुळत नव्हती म्हणून कानसीनं लांबट केलेली आणि वर चकचकीत सिल्व्हर पेंट.

काका त्या दिवशी जेवले नाहीत. जाऊ द्या.

आता बिलाचं, कारण खरी गाठ तिथं मारलेली होती. बिलावर लिहिलेलं "१३बी, जुने, जसे आहे तसे" आणि एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीत मालाचा प्रकार सांगणारा नंबर, ७२०४. पेट्रोल इंजिनचा कोड ८४०७, त्यात रोटरी पण येतं, गिअरचा ८४८३. ७२०४ म्हणजे लोखंडाचं भंगार. त्यानं आम्हाला कागदावर इंजिन विकलंच नाही, भंगार विकलं. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून बघता येतो, नंबर खरा निघाला, धंदा स्क्रॅपचा. म्हणून बिलाचा ड्राफ्ट पैशाच्या आधी मागा आणि त्यावर इंजिनचं पूर्ण मॉडेल, इंजिन नंबर, सहा कम्प्रेशन आकडे, गिअरचा रेशो आणि फिरण्याची दिशा लिहून घ्या. नाही म्हणाला तर फोन ठेवून द्या.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, ते म्हणाले माल मिळालाय ना. पोलीस स्टेशनला म्हणाले हा देवाणघेवाणीचा मामला आहे, फसवणुकीला आता ४२० नाही ३१८ कलम लागतं वगैरे कायदा समजावून सांगितला पण घेतलं काही नाही. शेवटी वर्ध्याला जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता तिथं तक्रार करता येते, त्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याच्या वकिलाचं उत्तर आलं की भंगार म्हणून विकलं, गिऱ्हाईकानं पसंत करून घेतलं. आमच्याकडं व्हॉट्सॲपवर "फ्लाय रेडी सर" असा त्याचा आवाज आहे, तो पेन ड्राइव्हवर दिलाय.

त्याची जाहिरात परत लागली आहे, तोच व्हिडिओ, निळ्या ताडपत्रीसमोर लाल स्टँड, मागं कूलरचा आवाज, किंमत आता ३ लाख ४०. याच्याकडून आधी कुणी इंजिन किंवा गिअरबॉक्स घेतला असेल तर बिल आणि बिल्टीची कॉपी जपून ठेवा आणि आम्हाला कळवा, पुढच्या तारखेला लावता येईल.