फायबरचा हाय टप बसवून देतो म्हणून मला १,३३,००० ला बुडवलं

लिहायची लाज वाटतेय. तीस वर्षं अकाउंट्समध्ये घालवली, लोकांच्या व्हाउचरमधली पाच रुपयांची चूक पकडायचो, आणि स्वतःच्या गाडीच्या टपासाठी १,३३,००० रुपये एका माणसाच्या घशात घातले, ते पण पक्क्या बिलाशिवाय. बायको म्हणते लिहू नका, लोक हसतील. हसू देत.

गाडी म्हणजे २०१० ची टाटा विंगर, लो रूफ, प्रायव्हेट पासिंग, फेब्रुवारी २०२५ मध्ये २,४०,००० ला घेतली. रिटायर झाल्यावर दोघांनी गाडीने नर्मदा परिक्रमा करायची, मागे झोपायची सोय, छोटी शेगडी, एवढंच डोक्यात होतं. हिचे गुडघे गेलेत, वाकून उभं राहिलं की पाच मिनिटांत कळ येते, म्हणून टप उंच करायचा. विंगर हाय रूफमध्ये पण यायची, तशीच एक मिळत होती, पण तिचे ७०,००० जास्त सांगत होते. वाचवले ना ७०,०००!

पुण्याच्या बाहेर हायवेला शेड. माणूस गोड, काका काका करून बोलणारा. "काका, कंपनीच्या हाय रूफवरूनच मोल्ड काढलाय, एक सूत इकडंतिकडं व्हायचं नाय." (मोल्ड म्हणजे टप बनवायचा साचा.) एस्टिमेट हाताने लिहिलेलं, जीएसटी नंबरचा पत्ता नाही. टप ७८,०००, कटिंग-फिटिंग २२,०००, आतलं लायनिंग १५,०००, आणि "आरटीओचं आपल्याकडं लागलं" त्याचे वेगळे १८,००० कॅश. अ‍ॅडव्हान्सचे ६०,००० क्यूआरवर मारले तर नाव भलत्याच बाईचं आलं. विचारलं, तर "मिसेसचं खातं आहे काका". आपणही एफडी बायकोच्या नावावर ठेवतोच की, म्हणून गप्प बसलो. तुम्ही बसू नका. नाव वेगळं आलं की तिथंच थांबायचं.

आणि आता खरं दुखणं. दुसऱ्यांदा ३५,००० द्यायला गेलो (रेझिनवाला उधार देत नाही म्हणे) तेव्हा शेडच्या मागे एक जुना अ‍ॅम्ब्युलन्सचा टप पडला होता. पुढच्या बाजूला स्टिकर खरवडल्याचे डाग, आरशात वाचायची असतात तशी उलटी अक्षरं. मी हसत विचारलं पण, काय रे, अ‍ॅम्ब्युलन्स पण करता का? म्हणाला, "हो काका, सरकारी कामं असतात आपल्याकडं." मला उलट भरवसा वाटला!! मग म्हटलं मोल्ड दाखव, तर म्हणे मोल्ड पेंटला गेलाय. अरे, मोल्ड कधी पेंटला जातो का? पेंट होतो तो टप. हे मला सुचलं घरी आल्यावर, पंधरा दिवसांनी, आंघोळ करताना. पण तेव्हा माझ्या गाडीचा पत्रा कापून झाला होता, कापलेली गाडी घेऊन मी कुठं जाणार होतो, तुम्हीच सांगा.

१८ मे ला उरलेले २०,००० देऊन गाडी घेतली. पांढरीशुभ्र, चकाचक. नारायणगाव गेलं तशी पुढून शिट्टी वाजायला लागली, साठच्या वर गेलं की टपाची कड थरथरतेय. त्या वर्षी पाऊस मे मध्येच कोसळायला लागला होता, चंदनापुरी घाटात हिच्या मांडीवर पाणी. पाच-सहा दिवसांनी संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं आणि माझ्या टपाच्या कपाळावर, पेंटखालून, तीच उलटी अक्षरं. मी खाली बसलोच.

दुसऱ्या बॉडीवाल्याने उघडून दाखवलं. टप भलत्याच गाडीचा, मधोमध कापून रुंद केलेला, जोडावर मॅटचा, म्हणजे फायबरच्या कापडाचा, एकच थर आणि वर बोटभर पुटी. टिचकी मारली की बद्द आवाज. (डिलिव्हरी घेण्याआधी टिचक्या मारून बघा, आणि आतलं लायनिंग लावायच्या आधी जाऊन बघा, लायनिंगमागं सगळी पापं लपतात.) कडेला पीयू सीलंटच्या (गाडीच्या जोडात पाणी शिरू नये म्हणून भरतात ते) जागी बाथरूमचं सिलिकॉन आणि पॉप रिवेट. सगळ्यात भयंकर म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या कापून फेकलेल्या आणि त्याजागी लोखंडी फ्रेमच नाही. गाडी पलटी झाली असती तर वर नुसतं फायबर. काढून, फ्रेम मारून, तात्पुरतं झाकायला ४१,५०० गेले, म्हणजे एकूण १,७४,५००.

पोलिसांकडे गेलो. म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे, काम तर करून दिलंय ना. म्हटलं भंगार विकलंय नवं सांगून, ही फसवणूक नाही तर काय, तर म्हणे शेड आमच्या हद्दीत नाही. हद्दीतल्या स्टेशनला गेलो तर पैसे कुठून पाठवले? घरून? मग तिकडंच जा. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर तुम्ही स्वतःहून ओळखीच्या माणसाला दिलेत, हे सायबरमध्ये बसत नाही. आरटीओत तर कहर, ऑक्टोबरमध्ये पंधरा वर्षं भरली म्हणून आरसी रिन्यूला गेलो, इन्स्पेक्टर वर बघून म्हणतो आरसीवर ही उंची नाही, परवानगी कुठाय? १८,००० कुठं गेले ते कळलं. वर मलाच ऐकवलं की सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच सांगितलंय कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये बदल चालत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलाला ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालकाला म्हणजे मला! आणि ज्याने कापली तो? त्याचं काय, तर तिकडं पोलिसांत जा. परत पोलिसांत!! एवढ्या हायवेवर एवढ्या शेडी उघड्यावर गाड्या कापतात, राज्य सरकार २०२१ पासून कॅरॅव्हॅन टुरिझमची पॉलिसी मिरवतंय, आणि सापडला कोण तर मी.

परवानगी लेखी हातात पडल्याशिवाय करवत लावू देऊ नका, एजंटच्या तोंडी गॅरंटीला काडीची किंमत नाही. इन्शुरन्सवाल्याला पण आधीच विचारा.

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांच्या आत करायची. पण पहिली नोटीस परत आली, "पत्त्यावर नाही". शेडला कुलूप. माणूस मात्र आहे, मेहुण्याच्या नंबरवरून त्याचं स्टेटस बघितलं तर माझीच गाडी, नंबर प्लेटवर अंगठा धरून काढलेला फोटो, खाली "हॅपी कस्टमर".

हा फोटो बघून कोणी अ‍ॅडव्हान्स दिला असेल, तर पावती किंवा पेमेंटचा स्क्रीनशॉट मला मेसेज करा. त्याचा नवा पत्ता माहीत असेल तर तो आधी. आयोगातल्या पुढच्या तारखेच्या आत पाहिजे.