रेडीमेड पॉटिंग मिक्स: पाचपैकी तीन तारे

ठाण्यात नर्सरीतून रोप आणलं की सोबत लाल माती येते आणि घरात वाळून तिची वीट होते. पाणी मुरत नाही, कुंडीच्या कडेनं सरळ ताटलीत उतरतं. मनीप्लांट आणि पीस लिलीसाठी म्हणून पॉटिंग मिक्सची (कुंडीत मातीऐवजी भरायच्या तयार मिश्रणाची) ही पाच किलोची पिशवी ऑनलाइन मागवली.

मिक्स हलकं आहे, पाणी झटकन निथळतं. पीस लिलीला नवी पानं फुटली, तक्रार नाही. पण पिशवी उघडली तेव्हा आतला माल ओलाकिच्च होता. आठवडाभरात हॉलमध्ये चिलटं! टीव्हीसमोर, चहात, सगळीकडे. त्यांच्या अळ्या मातीच्या वरच्या ओल्या थरात वाढतात, त्यामुळे नुसता फवारा मारून भागत नाही. वरची दोन बोटं माती पूर्ण सुकेपर्यंत पाणी बंद ठेवलं आणि कुंडीत पिवळे चिकट कार्ड खोचले. कार्डाला फक्त उडणारी चिलटं चिकटतात; खरा इलाज कोरडेपणाच.

‘खतयुक्त’ असं छापलंय, पण हाताला लागतं ते मुख्यतः कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). त्यात पोषण नगण्य, म्हणजे गांडूळखत वेगळं घालणं आलंच. वर पांढरी खपलीही धरली. कोकोपीट नीट धुतलेलं नसेल तर क्षार राहतात. (आमचं बोअरचं पाणीही जड आहे, तेव्हा सगळा दोष विक्रेत्याला देत नाही.)

स्नेक प्लांटसाठी घेणार असाल तर पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) किंवा जाडी रेती जास्तीची मिसळा. आणि विक्रेत्यांनो, पिशवीवर फुलांच्या फोटोऐवजी घटकांचं प्रमाण छापा.