पाहायचंय की दाखवायचंय? सांता क्लारा काउंटीत कोर्टाचे कागद मिळवण्याच्या वाटा

सॅन होजेतल्या मराठी मंडळींच्या गप्पांत कोर्टाचा विषय सहसा तीन कारणांनी निघतो. कुणाच्या नागरिकत्वाच्या अर्जात दहा वर्षांपूर्वीची एखादी अटक आडवी येते. कुणाला इथल्या घटस्फोटाचा हुकूमनामा पुण्यात दाखल करायचा असतो. नाहीतर स्वयंपाकघर नव्याने करून घ्यायचं असतं आणि ज्या कंत्राटदाराला काम द्यायचं, त्याच्यावर आधी कुणी दावे लावलेत का ते बघायचं असतं. तिन्ही वेळा पहिला सल्ला एकच मिळतो: "अरे, ऑनलाइन असतं की सगळं!"

सगळं नसतं. जे असतं ते आपल्या कामाचं असेलच असंही नाही. म्हणून वाट निवडण्याआधी एवढंच ठरवा: हा कागद तुम्हाला स्वतःला पाहायचा आहे, की कुणापुढे ठेवायचा आहे? पाहण्यापुरतं काम बऱ्याचदा घरबसल्या उरकतं. दाखवायचा असेल तर सही-शिक्क्याची नक्कल हवी, आणि ती देणार कोर्टाचा क्लार्कच.

आधी कोर्ट कोणतं ते

कॅलिफोर्नियात ५८ काउंटी (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग) आहेत आणि प्रत्येकीचं आपलं सुपीरियर कोर्ट, म्हणजे खटले चालवणारं मुख्य कोर्ट. सगळ्या राज्याचे खटले एका ठिकाणी शोधता येतील अशी सोय नाही. विस्कॉन्सिनमध्ये ती आहे, १९९९पासून आणि फुकट; तिथल्या लोकांचा मला हेवा वाटतो. इथे मात्र प्रकरण जिथे घडलं ती काउंटी धरायची, घर जिथे आहे ती नव्हे. मिलपिटासमध्ये राहणाऱ्याला फ्रीमाँटमध्ये पोलिसांनी अडवलं, तर त्याचे कागद अलामेडा काउंटीत. सांता क्लारा कोर्टाच्या पोर्टलवर, म्हणजे खटले शोधायच्या संकेतस्थळावर, तो दिवसभर नाव टाकत बसला तरी काही सापडणार नाही, आणि "चला, रेकॉर्डच नाही" असा भलताच दिलासा मात्र मिळेल.

लग्नाचा दाखला आणि घराची कागदपत्रं कोर्टात नसतात, ती काउंटीच्या क्लार्क-रेकॉर्डरकडे. दिवाळखोरी हा पूर्णपणे संघराज्याच्या कोर्टाचा विषय. कंत्राटदाराची चौकशी करणारे हे हमखास विसरतात: काउंटीच्या पोर्टलवर माणूस स्वच्छ दिसतो आणि त्याची दिवाळखोरीची केस दोन-चार चौक पलीकडे, साउथ फर्स्ट स्ट्रीटवरच्या फेडरल इमारतीत पडून असते. ती पाहायला पेसर नावाची वेगळी प्रणाली आहे. पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीचं बिल ३० डॉलरच्या आत राहिलं तर माफ. एका कंत्राटदाराची चौकशी बहुधा फुकटातच होते.

पोर्टल आणि खिडकी

खरी निवड या दोघांतली आहे: घरून पाहायचं पोर्टल, की कोर्टात क्लार्कची खिडकी.

महाराष्ट्रातली ई-कोर्ट्सची, म्हणजे भारतातल्या कोर्टांच्या ऑनलाइन सेवेची, सवय घेऊन आलेल्यांची इथे पंचाईत होते. तिकडे सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर टाकला की तारखा, टप्पे, आणि अनेकदा फौजदारी खटल्यातले आदेशसुद्धा उतरवून घेता येतात. कॅलिफोर्नियात कोर्टाच्या फाइली मुळात सगळ्यांना खुल्या असतात. दिवाणी दाव्यांतली कागदपत्रंही घरून पाहता येतात. पण फौजदारी, कौटुंबिक, पालकत्वाच्या आणि छळापासून संरक्षण मागणाऱ्या प्रकरणांतले दस्तऐवज इंटरनेटवर ठेवायला राज्याचा कोर्ट-नियम २.५०३ मनाई करतो. अशा खटल्यांची फक्त यादी, तारखा आणि कामकाजाची नोंदवही दूरवरून दिसते. आतला कागद पाहायला कोर्टात जावं लागतं.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ती निव्वळ आडमुठेगिरी वाटली होती. आता वाटत नाही. शेजाऱ्याच्या घटस्फोटाची फाइल वाचण्याचा हक्क मला आहे, पण त्यासाठी उठून, गाडी काढून, पार्किंग शोधून खिडकीपर्यंत जावं लागतं. तेवढ्या खटाटोपात निम्म्या चांभारचौकशा गळून पडतात. अल्पवयीनांच्या आणि दत्तकाच्या फाइली तर बाहेरच्यांना कुठेच मिळत नाहीत, ना पोर्टलवर ना खिडकीवर.

तर पोर्टल कशासाठी वापरायचं? केस नंबर शोधायला. मला विचाराल तर त्याचं खरं मोल एवढंच, पण ते कमी नाही. नंबर हाताशी असला की खिडकीवरचं काम सोपं होतं. नसला आणि क्लार्कला दहा मिनिटांपेक्षा जास्त शोधावं लागलं, तर शोधाचे १५ डॉलर वेगळे. कंत्राटदाराच्या बाबतीत पोर्टलवरच काम भागू शकतं: कंपनीच्या आणि मालकाच्या, अशा दोन्ही नावांनी शोधा, स्मॉल क्लेम्स म्हणजे छोट्या रकमांचे दावेही बघा. माणसाला तिथे १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो, त्यामुळे अर्धवट सोडलेल्या कामांची भांडणं तिथेच सापडतात. मात्र दावा लागला म्हणजे तो दोषी ठरला असं नव्हे. शेवटची नोंद वाचल्याशिवाय मत बनवू नका.

खिडकीवर जाताना इमारत चुकवू नका. दिवाणी फाइली १९१ नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटवर, कौटुंबिक शेजारीच २०१ नंबरला, आणि फौजदारी कामकाज वेस्ट हेडिंग स्ट्रीटवरच्या हॉल ऑफ जस्टिसमध्ये. साध्या प्रतीला पानामागे ५० सेंट. प्रमाणित करायचे ४० डॉलर. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याला मात्र सवलतीचा दर आहे, १५ डॉलर. मिळकत कमी असेल तर फी-माफीचा अर्ज करता येतो.

टपाल आणि हरकारे

काउंटी सोडून टेक्सासला गेलेल्यांसाठी टपाल. केस नंबर, कुठला कागद हवा ते नेमकं नाव, परतीचा पत्ता लिहून तिकीट लावलेला लिफाफा आणि चेक. पानं किती भरतील ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून चेकवर रक्कम न भरता "अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही" असं लिहायची पद्धत आहे. अनेक कोर्टं असा चेक घेतात. स्वस्त, पण संथ. घाई असेल तर वकिलांसाठी कोर्टाच्या फेऱ्या मारणारे व्यावसायिक हरकारे असतात, ते पैसे घेऊन नक्कल आणून देतात. नागरिकत्वाच्या मुलाखतीची तारीख जवळ आली असेल तर तो खर्च वसूल होतो.

पैसे घेऊन "पूर्ण इतिहास" देणारी संकेतस्थळं

नाव गुगल केलं की सगळ्यात वर हीच येतात, आणि माझ्या मते चारही वाटांत हीच सगळ्यात वाईट. पाहण्यासाठी भरवशाची नाहीत आणि दाखवण्यासाठी तर कवडीमोल, कारण त्यांच्या कागदावर कोर्टाचा शिक्का नसतोच. २०२३मध्ये ट्रूथफाइंडर आणि इन्स्टंट चेकमेट या दोन सेवांनी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या तडजोडीत ५८ लाख डॉलर भरायचं कबूल केलं. आयोगाच्या तक्रारीत एक आरोप असा होता की, ज्या माणसाच्या नावावर जेमतेम वाहतुकीचं तिकीट आहे, त्याच्याबद्दलही गुन्हेगारी नोंद असल्याचं भासवलं जायचं.

घर भाड्याने देणाऱ्यांनी तर यांच्या वाटेलाही जाऊ नये. भाडेकरू किंवा कर्मचारी पारखायचा असेल तर १९७०च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग कायद्याखाली काम करणारी संस्था लागते. ही संकेतस्थळं स्वतःच बारीक अक्षरांत "आमची माहिती त्या कामाला वापरू नका" असं सांगत असतात.

नावाचा घोळ

हा भाग कुठलंही इंग्रजी मार्गदर्शन आपल्याला सांगणार नाही. पोर्टलवर शोध नावावर चालतो, आणि आपली नावं त्या चौकटीत नीट बसत नाहीत. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. ते कधी लायसन्सवर असतं, कधी नुसतं आद्याक्षर, कधी गायब. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, किंवा जुनं-नवं दोन्ही लावलेलं. पोलिसाने घाईत स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर गाळलेलं असतं. तेव्हा एका शोधावर थांबू नका. मधल्या नावासकट, त्याच्याशिवाय, माहेरच्या आडनावाने, आणि नाव-आडनावाची उलटापालट करूनही बघा.

याच्या उलटा धोकाही आहे. जोशी, कुलकर्णी, पाटील या बे एरियात काही कमी नाहीत. समोर आलेला केस नंबर तुमचाच, की त्याच नावाच्या दुसऱ्या कुणाचा? जन्मतारीख टाकून ताडून बघू म्हणाल, तर ती सोय आता नाही. रिव्हरसाइड काउंटीतल्या एका प्रकरणात २०२१ साली अपील कोर्टाने सांगितलं की जन्मतारीख किंवा लायसन्स नंबरवरून फौजदारी यादीत शोधू देणं हे कोर्ट-नियम २.५०७ला धरून नाही. शिक्षा भोगून बाहेर आलेल्यांच्या बाजूने लढणाऱ्यांचा हा विजय होता, आणि मला तो पटतो. पण त्यामुळे सारख्या नावांची माणसं वेगळी करायचं काम पोर्टलवर होत नाही. फाइल उघडूनच खात्री करावी लागते.

आणि स्वतःचाच केस नंबर, साल, काउंटी काहीच आठवत नसेल तर? तेव्हा दुसऱ्या टोकाने सुरुवात करा. बोटांचे ठसे देऊन एफबीआयकडून स्वतःच्या नोंदींचा उतारा १८ डॉलरला मिळतो, कॅलिफोर्नियाच्या न्याय विभागाकडून २५ला (ठसे घेणाऱ्याची फी वेगळी). त्यावरून अटक कुठे आणि कधी झाली ते कळतं, मग कोर्ट गाठता येतं.

नागरिकत्वाचा अर्ज

माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी पोर्टलवरचं पान छापून एन-४०० अर्जाला जोडलं. त्यावर "डिसमिस्ड" असं स्पष्ट लिहिलं होतं, आणखी काय हवं, असं त्यांचं म्हणणं. मुलाखतीत अधिकाऱ्याने शांतपणे प्रमाणित नक्कल मागितली आणि प्रकरण लांबलं. ४० डॉलर आणि हेडिंग स्ट्रीटचा एक हेलपाटा वाचवायला गेले होते.

अटक झाली असेल, तर खटला रद्द झालेला असो वा नोंद पुसून घेतलेली असो, अर्जासोबत निकालाची प्रमाणित नक्कल मागितली जाते. खिडकीवर "डिस्पोझिशन" (खटल्याचा शेवट काय झाला त्याची नोंद) हा शब्द वापरा. "केसचे पेपर" म्हणालात तर पन्नास पानांची फाइल हातात पडेल. वाहतुकीच्या तिकिटांचं इतकं टेन्शन घेऊ नका. अटक नव्हती, दारू-ड्रग्जचा संबंध नव्हता आणि शिक्षा म्हणजे ५०० डॉलरच्या आतला दंड किंवा लायसन्सवरचे पॉइंट एवढीच होती, तर कागद जोडावे लागत नाहीत. अर्जातल्या प्रश्नाचं उत्तर मात्र खरंच द्यायचं.

खटला जुना असेल तर आणखी एक अडचण येते. मिसडिमीनर म्हणजे किरकोळ गुन्ह्यांच्या बऱ्याच फाइली पाच वर्षांनी नष्ट करायची मुभा कोर्टाला आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या दहा वर्षांनी. फाइलच उरली नसेल तर रिकाम्या हाताने परत येऊ नका. नोंद उपलब्ध नाही, असं कोर्टाचं प्रमाणित पत्र मागून घ्या. अर्जासोबत तेच जोडायचं असतं. या टप्प्यावर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा दाखवलेलं बरं.

हुकूमनामा भारतात न्यायचा असेल तर

इथे पोर्टलचा प्रश्नच येत नाही, कारण कौटुंबिक फाइल घरून दिसत नाही. २०१ नॉर्थ फर्स्टवरून प्रमाणित नक्कल घ्या, मग कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून तिच्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचं प्रमाणपत्र, करून घ्या: टपालाने २० डॉलर, प्रत्यक्ष गेलात तर वर ६. भारत २००५पासून अपोस्टिल करारात असल्यामुळे वकिलातीत चकरा मारायची गरज पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४नुसार अशी प्रमाणित नक्कल दाखल झाली की परदेशी कोर्टाला अधिकार होता असं भारतातलं कोर्ट आधी गृहीत धरतं.

पण ते फक्त गृहीतच असतं. दुसऱ्या बाजूला ते खोडता येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली नरसिंह राव प्रकरणात परदेशी घटस्फोट कधी मानायचा आणि कधी नाही ते सविस्तर सांगितलं. जोडीदार त्या खटल्यात खरोखर सामील झाला होता का, याला त्यात मोठं महत्त्व आहे. म्हणून खिडकीवर गेलाच आहात तर नुसता हुकूमनामा घेऊन निघू नका. समोरच्याने दिलेला जबाब, समन्स पोचल्याचा पुरावा आणि कामकाजाची नोंदवही यांच्याही प्रमाणित नकला तेव्हाच काढा. पुण्यात वकिलाने मागितल्यावर त्या टपालाने मागवायच्या म्हणजे महिने जातात.

अपोस्टिलचं पान नकलेला जोडूनच येतं. झेरॉक्स किंवा स्कॅन करताना पिन काढून ते सुटं करू नका. सुटं झालं की अपोस्टिल बाद, आणि पुन्हा २० डॉलर.