जिप्सीचा गळका रेडिएटर: डाग, नवा कोअर की खोक्यातला ॲल्युमिनियम?

मुंबईत जुन्या मारुती जिप्सीचा रेडिएटर गळायला लागला की तीन पर्याय समोर येतात. रेडिएटरवाल्याकडून डाग मारून, म्हणजे गळकी जागा झाळून घ्या, जुन्याच पितळी टाक्यांवर तांब्याचा नवा कोअर, म्हणजे मधला नळ्यांचा जाळीदार भाग, बसवून घ्या, नाहीतर ऑपेरा हाऊसच्या किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडच्या दुकानांतून ॲल्युमिनियमचा तयार रेडिएटर उचला. टाक्या शाबूत असतील तर नवा कोअर, हे आमचं मत. डाग हा गाडी घरी पोचवण्यापुरता. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण त्याच्या अटी आहेत.

आधी गळती नक्की कुठे आहे ते बघा. गार इंजिनवर कॅप काढून तिथे प्रेशर टेस्टर, म्हणजे दाबाचा काटा असलेला हातपंप, लावा आणि 0.9 किलो दाबापर्यंत पंप मारा. काटा पंधरा मिनिटं हलला नाही तर रेडिएटर निर्दोष, दोष कॅपमध्ये किंवा दुसरीकडे. काटा उतरला तर पाझराचे हिरवट-पांढरे ओघळ शोधा. ते बहुतेक वेळा नळ्या जिथे टाकीच्या पट्टीला झाळलेल्या असतात तिथे, खालच्या टाकीच्या कोपऱ्यात किंवा होजच्या, म्हणजे रबरी नळीच्या, तोंडाशी दिसतात. मग नळ्यांमधल्या फिन्सवर, म्हणजे पातळ पत्र्याच्या पट्ट्यांवर, अंगठा दाबून बघा. वरळी किंवा मरीन ड्राइव्हला वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फिन्स अंगठ्याखाली भुग्यासारख्या झडतात. अशा कोअरला डाग मारणं म्हणजे फाटक्या छत्रीला ठिगळ. नळी बंद होते, पण फिन्सच नसतील तर उष्णता जाणार कुठून?

हळदीचंही सांगून टाकू. पाण्यात चमचाभर हळद टाकून गळती थांबवायची युक्ती हायवेवर खरंच चालते. पण तीच हळद हीटरच्या बारीक नळ्यांत आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर जाऊन बसते. वापरलीच असेल तर नवा रेडिएटर लावण्याआधी इंजिनचे पाणीमार्ग दोन्ही दिशांनी साध्या पाण्याने धुऊन काढा, नाहीतर नवा कोअर पहिल्याच महिन्यात चोंदेल.

नव्या कोअरचं काम चांगलं की वाईट हे रेडिएटरवाल्यावर ठरतं. गाडी देण्याआधी तीन मापं स्वतः घ्या आणि फोटो काढा: नळ्यांच्या रांगा किती, एका इंचात फिन्स किती, कोअरची जाडी किती मिलिमीटर. कमी रांगांचा कोअर स्वस्त पडतो आणि बाहेरून सारखाच दिसतो. फरक कळतो तो सायनच्या ट्रॅफिकमध्ये किंवा कसारा घाटात खालच्या गिअरमध्ये चढताना, कारण तिथे वेग नसतो आणि हवा फक्त फॅनच ओढतो. उलट जास्त रांगांचा जाड कोअरही डोळे झाकून घेऊ नका. फॅन आणि कोअर यांच्यात दोन बोटं जागा हवी. इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असेल तर खड्ड्यात इंजिन पुढे झोकांडतं आणि फॅनचं पातं नव्या कोअरला गोल चीर पाडतं.

दुकानात टेस्टिंगचा हौद आहे का हे पहिलं बघा. होजची तोंडं रबरी बुचांनी बंद करून हवा भरायची आणि रेडिएटर पाण्यात बुडवायचा. कोपऱ्यातून बारीक बुडबुड्यांची माळ वर आली तर पुन्हा झाळायला द्यायचा. ही चाचणी तुमच्यासमोर करायला नकार देणाऱ्याकडे काम देऊ नका. टाक्या ॲसिडने चकचकीत करून देणाऱ्यापासूनही जरा लांबच राहा, जास्त ॲसिडने पत्रा पातळ होतो. आणि जुना कोअर तांब्याचा आहे, भंगारात त्याला किंमत येते. तो परत मिळणार की बिलातून वजा होणार, हे काम सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या.

तयार ॲल्युमिनियम रेडिएटर हलका असतो आणि कोरा असताना चांगला थंड करतो. त्याला प्लास्टिकच्या टाक्या असतील तर त्या पट्टी मुडपून कोअरला धरलेल्या असतात. मधलं रबर कडक झालं की तिथून पाझर सुरू होतो, आणि तो गल्लीतला रेडिएटरवाला झाळू शकत नाही. शिवाय हल्ली जिप्सींवर जास्तीचे दिवे, विंच, हॉर्न लावलेले असतात. त्यांची अर्थिंग ढिली असेल तर करंट कूलंटमधून वाट काढतो आणि ॲल्युमिनियमला आतून टाचणीएवढी भोकं पडतात. मल्टिमीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल वायर धातूला न टेकवता कूलंटमध्ये बुडवा, इंजिन आणि सगळे दिवे चालू ठेवा. 0.1 व्होल्टच्या आत ठीक, 0.3 च्या वर गेलं तर आधी अर्थिंग दुरुस्त करा, रेडिएटर नंतर घ्या. दुकानात मागताना एमजी 410 की एमजी 413 हे सांगा. 970 सीसी आणि 1298 सीसी अशी दोन वेगळी इंजिनं आहेत. जुना रेडिएटर सोबत नेऊन होजच्या तोंडांची जागा आणि बोल्टची भोकं जुळवून बघणं सगळ्यात खात्रीचं.

उतरवणं अवघड नाही. इंजिन पूर्ण गार होऊ द्या, खालचा कॉक उघडून कूलंट पसरट तगाऱ्यात घ्या. ते तिथेच उघडं ठेवू नका, गोड लागतं म्हणून गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. वरचा होज, खालचा होज आणि जादा कूलंटच्या बाटलीकडे जाणारी बारीक नळी काढा. होज चिकटला असेल तर ओढू नका, ब्लेडने उभा चिरा, कारण पितळी तोंड वाकलं की ते वेगळं काम. दहा नंबरच्या पान्याने श्राउड, म्हणजे फॅनभोवतीचं कव्हर, सोडवून मागे फॅनवर सरकवा. मग रेडिएटरचे बोल्ट काढा आणि तो सरळ वर उचला.

हे श्राउड परत बसलंच पाहिजे. पुष्कळ गॅरेजांत ते ‘अडचण होते’ म्हणून कोपऱ्यात टाकून दिलेलं दिसतं. त्याच्याविना फॅन तीच गरम हवा घुसळत राहतो, आणि गाडी सिग्नलवर तापून पळताना गार होते. गिऱ्हाईक मग नव्या रेडिएटरला शिव्या देतं.

सोबत दोन्ही होज, क्लिपा, थर्मोस्टॅट गॅस्केटसकट आणि कॅप नवी घ्या. कॅपवर 0.9 छापलेलं असावं. त्या दाबाला पाण्याचा उकळबिंदू 100 वरून सुमारे 118 अंशांवर जातो, म्हणून सैल कॅप नव्या रेडिएटरलाही उकळवते. इंजिन गार झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर कॅपचा आतला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा बाटलीची नळी चोंदलीय.

एकूण पाणी साधारण पाच लिटरच्या आत मावतं. मुंबईत गोठण्याचा प्रश्न नाही, कूलंट हवं ते गंज रोखायला. दीड लिटर कूलंट कॉन्सन्ट्रेट आणि साडेतीन लिटर डिस्टिल्ड पाणी पुरेसं आहे. टँकरचं किंवा बोअरचं पाणी मात्र नकोच, त्यातल्या क्षारांची पुटं नळ्यांत बसतात.

गाडीचं तोंड उतारावर वरच्या बाजूला ठेवा, हीटर असेल तर तो गरमवर करा आणि कॅप न लावता हळूहळू ओता. इंजिन चालू करून वरचा होज हाताला गरम लागेपर्यंत थांबा. थर्मोस्टॅट उघडताच पातळी झपकन खाली जाते. तेव्हा भर घाला, बुडबुडे थांबले की कॅप लावा. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं आहे, आत हवा राहिली तर तापून वाकायला वेळ लागत नाही. म्हणून पहिल्या फेरीत तापमानाच्या काट्यावरून नजर हलवू नका.

रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी इंजिन गार असताना कॅप उघडून पातळी बघा, थोडं कमी झालेलं असणारच, तेवढं भरा. पुठ्ठ्यावर थेंब दिसलाच तर अगदी पुढचा असेल तर ड्रेन कॉकचा वॉशर तपासा, फॅनच्या खाली असेल तर वॉटर पंपाचं सील.